रक्तपातानंतरचा रविवार : वाचकांचे प्रश्न

२१ एप्रिल २०१९, ईस्टरचा रविवार. श्रीलंकेत कोलंबोचं संत अँथनी मंदिर, नेगोंबोचं संत सेबॅस्टियन चर्च आणि बट्टिकलोआचं झायन चर्च, शिवाय कोलंबोतली तीन मोठी हॉटेलं, इथे आत्मघातकी स्फोट झाले. अडीचशेहून जास्त माणसं गेली. गेल्या अंकात या घटनेवर टिपण आलं आणि त्यावर बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. लिहिणाऱ्यांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

कुठे असं काही घडलं की येत्या रविवारी आमच्याकडे चर्चची मंडळी एक मिनिट उभी राहते आणि लगेच नेहमीची स्तुतिगीतं सुरू होतात. मनाला पटत नाही. पण मग करायचं काय, हेही कोणी सांगत नाही. (मंडळीचे चिटणीस, अहिल्यानगर जिल्हा)

काय करायचं ते पवित्र शास्त्रात लिहून ठेवलेलं आहे, आपण ते उघडत नाही एवढंच. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश स्तोत्रं गाऱ्हाण्याची आहेत. आपल्या उपासनेत मात्र २३, १००, १०३ आणि १२१ यांच्यापलीकडे क्वचितच काही ऐकू येतं.

तासाभराच्या उपासनेतली पहिली वीस-पंचवीस मिनिटं विलापाला द्या. सुरुवातीला गाणं नको. पाळकांनी उभं राहून घडलेली गोष्ट तीन-चार वाक्यांत सांगावी: कुठे, केव्हा, किती माणसं गेली. जे अजून कळलेलं नाही, ते कळलेलं नाही असंच सांगावं. मग स्तोत्र १३. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा सवाल चारदा येतो. एकाने वाचावं आणि तो सवाल आला की मंडळीने तो मोठ्याने उच्चारावा. आदल्या दिवशी कागद छापायची गरज नाही, दोन मिनिटांत सांगून जमतं. त्यानंतर दोन मिनिटं शांतता. ती किती वेळाची आहे हे आधी जाहीर करा आणि पेटीवाल्याला बजावून ठेवा, नाहीतर चाळिसाव्या सेकंदाला तो सूर धरतो. दोन मिनिटं लांब वाटतात, वाटू द्या.

मग नावं. गेलेल्यांची यादी अधिकृतपणे प्रसिद्ध झाली असेल तरच ती वाचावी, आणि वाचणाऱ्याने घरी दोनदा मोठ्याने वाचून यावं. सिंहली वा तमिळ नाव अडखळत वाचलं की मागच्या बाकांवरची पोरं हसतात आणि सगळं बिघडतं. यादी नसेल तर गाव आणि वय पुरे. प्रार्थना चार भागांत करा: गेलेले आणि त्यांच्या घरचे, जखमी आणि त्यांच्यावर उपचार करणारे, मारणारे, आणि शेवटी आपण स्वतः. तिसरा भाग एका वाक्याचा ठेवा. तिथे लांबण लागली की बोलणारा एकतर गुन्हेगाराचा वकील होतो, नाहीतर न्यायाधीश. संदेश दहा मिनिटांचा असावा, आणि ‘देवाने हे का होऊ दिलं’ याचं उत्तर देण्याचा प्रयत्न त्यात नसावा. शास्त्रातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक होतं. बोलायला लागले आणि चुकले, आणि ईयोबाच्या पुस्तकाच्या ४२व्या अध्यायात देव त्यांच्यावरच रागावला.

सगळ्यात जास्त घाई होते ती आशेची. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातली ‘त्याची करुणा दर सकाळी नवी होते’ ही ओळ सगळ्यांना पाठ असते. ओळ खरीच आहे, पण तिच्यानंतर आणखी दोन अध्याय आहेत आणि पुस्तक संपतं ते ‘तू आम्हाला अगदीच टाकलं आहेस काय’ अशा सुरावर. स्तोत्र ८८ तर काळोखावरच थांबतं. शास्त्राने ते तसंच ठेवलं आहे, तर आपण त्याला आनंदी शेवट जोडायचं कारण नाही. स्तोत्र १३७ वाचणार असाल तर पहिली सहा वचनं उपासनेत वाचा. शेवटची सूडाची वचनं समजावून सांगायला वेळ असेल तेव्हा अभ्यासगटात घ्या. ती टाळू नका, पण विनास्पष्टीकरण लहान मुलांसमोरही वाचू नका.

आणखी दोन गोष्टी जपा. पडद्यावर फोटो किंवा चित्रफिती दाखवू नका. आणि फक्त ‘आपल्या’ मेलेल्यांसाठी रडू नका. कोलंबोच्या हॉटेलांत मेलेल्यांमध्ये अनेक देशांचे आणि धर्मांचे लोक होते. त्या स्फोटांनंतर तीनच आठवड्यांनी, मे २०१९ मध्ये, श्रीलंकेच्या वायव्य भागात मुसलमानांची घरं, दुकानं आणि मशिदी जाळल्या गेल्या. प्रवचनात एका अख्ख्या समाजाकडे बोट दाखवलं की पुढची ठिणगी कुठे पडेल हे आपल्या हातात राहत नाही.

वसईच्या दोन वाचकांनी विचारलं आहे की मिस्सेचा, म्हणजे कॅथलिक उपासनेचा, क्रम तर ठरलेला असतो, मग हे बसवायचं कुठे? क्रम न बदलता प्रतिसाद-स्तोत्र, प्रवचन आणि विश्वासूंच्या प्रार्थना यांत बरंच करता येतं. मिस्साग्रंथात युद्ध आणि अशांततेच्या काळासाठी स्वतंत्र प्रार्थना आहेत. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळच्या मिस्सेला त्या घेता येतील का, हे फादरांना विचारा.

‘ही शेवटच्या काळाची चिन्हं आहेत, त्या देशाच्या पापाचं फळ आहे’ असे मेसेज आमच्या प्रार्थना-ग्रुपवर फिरतात. उत्तर काय द्यावं? (कोल्हापूर)

लूक १३, पहिली पाच वचनं पाठवा. रोमी सुभेदार पिलाताने गालील प्रांतातल्या काही लोकांना यज्ञ करतानाच मारलं ही बातमी लोक येशूकडे घेऊन आले. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले होते, त्याचाही विषय त्याने स्वतःच काढला. एक हत्याकांड, एक अपघात. हे लोक इतरांहून जास्त पापी होते का? दोन्ही वेळा त्याने साफ ‘नाही’ म्हटलं आणि पश्चात्तापाचा मुद्दा ऐकणाऱ्यांवर आणला. मेलेल्यांच्या पापाची चौकशी तिथेच संपली. बेथलेहेमात हेरोदाने बाळं मारली ती कुणाच्या पापामुळे, हे मत्तय सांगतच नाही. इस्राएलची पूर्वमाता राहेल रडते आहे आणि तिचं सांत्वन होत नाही, एवढंच तो लिहितो.

राहिली चिन्हं. मत्तय २४ मध्ये लढायांबद्दल ऐकाल तेव्हा घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, असं म्हटलेलं आहे. मेसेज पाठवणारे नेमकं तेवढंच वगळतात.

रवांडात चर्चमध्येच लोकांना मारलं आणि मारणारेही ख्रिस्तीच होते, असं वाचलं. खरं आहे का? असेल तर मग श्रद्धेचा उपयोग काय? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुणे)

खरं आहे, आणि ते झाकून उपयोग नाही. एप्रिल ते जुलै १९९४ या सुमारे शंभर दिवसांत रवांडात आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. हा संयुक्त राष्ट्रसंघाचा अंदाज आहे, रवांडा सरकारचा आकडा दहा लाखांहून जास्त आहे. मारणारे हुतू समाजातले अतिरेकी होते. मेलेल्यांत बहुसंख्य तुत्सी समाजाचे, सोबत या हत्यांना विरोध करणारे हुतूही. देशातले बहुतेक लोक बाप्तिस्मा झालेले होते. पूर्वीच्या दंगलींत चर्चमध्ये आसरा मिळाला होता, म्हणून लोक पुन्हा तिथेच धावले आणि न्यामाता, न्तारामा, न्यारुबुये इथे वेदीपुढेच कापले गेले. न्यामाताच्या चर्चमध्ये आज उपासना होत नाही. ते स्मारक आहे आणि बाकांवर मृतांचे कपडे रचून ठेवलेले आहेत. न्यांगेमध्ये तर आत कोंडलेल्या माणसांवर बुलडोझरने इमारत पाडली गेली. तिथले कॅथलिक धर्मगुरू अथानास सेरोम्बा यांना रवांडासाठी टांझानियातल्या अरुशात नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ मध्ये अपिलात जन्मठेप दिली. अॅडव्हेंटिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे पाळक एलिझाफान न्ताकिरुतिमाना यांना २००३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे हा एकाच पंथाचा दोष नव्हता.

हे एका रात्रीत झालं नाही. बेल्जियन राजवटीने १९३०च्या दशकात ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे छापायला सुरुवात केली. मिशनच्या शाळांनी आधी तुत्सींना झुकतं माप दिलं आणि पन्नाशीच्या दशकात पारडं दुसरीकडे टाकलं. किगालीचे आर्चबिशप अनेक वर्षं सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीवर बसत होते. माणसं दर रविवारी प्रभुभोजनाच्या एका भाकरीत सहभागी होत होती, आणि ओळखपत्रावरचा शिक्का त्या भाकरीहून खरा मानत होती. पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०१७ मध्ये चर्चच्या पापांसाठी क्षमा मागितली.

त्याच न्यांगे गावातली दुसरी गोष्टही लक्षात असू द्या. १८ मार्च १९९७ च्या रात्री बंडखोर तिथल्या माध्यमिक शाळेत घुसले. हुतू एकीकडे, तुत्सी एकीकडे व्हा, असं त्यांनी मुलांना फर्मावलं. मुलं हलली नाहीत. त्यांच्यातली काही तिथेच मारली गेली. रवांडा त्यांना राष्ट्रीय वीर मानतो.

आता ‘उपयोग काय’ याबद्दल. श्रद्धा आपोआप माणसाला आवरत नाही, हे रवांडाने दाखवलं. म्हणून आपली मंडळी तपासून बघा, आणि तपासायच्या जागा अगदी घरगुती आहेत. स्थळं बघताना ‘आधीची जात’ विचारली जाते का? चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचायतीत वर्षानुवर्षं त्याच दोन-तीन घराण्यांची नावं असतात का? चर्चच्या ग्रुपवर एखाद्या समाजाला किडामुंगीची उपमा दिली जाते, तेव्हा ‘हे काढा’ असं कोणी म्हणतं का? रवांडात रेडिओवरून तुत्सींना झुरळं म्हणण्यापासून सुरुवात झाली होती. मराठी मंडळ्यांत पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून बहुतेक ठिकाणी ‘होय’ असंच येतं.

जमावाच्या हल्ल्यात माझे दीर जबर जखमी झाले. खटला उभा आहे. मंडळीतले वडीलधारे म्हणतात, ख्रिस्ती बाईने साक्ष देऊ नये, क्षमा करावी. मी काय करू? (एक भगिनी, गाव छापू नये)

ताई, साक्ष द्या. क्षमा तुमच्या अंतःकरणातलं काम आहे, ते तुमच्या गतीने होईल. साक्ष हे शेजाऱ्याविषयीचं कर्तव्य आहे, कारण तोच जमाव उद्या दुसऱ्या दारात उभा राहू शकतो. येशूला थोबाडीत मारली तेव्हा त्याने ‘मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, नाहीतर मला का मारतोस’ असं विचारलं (योहान १८:२३). प्रेषित पौलाने रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगून थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली. रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात सूड देवावर सोडायला सांगितलं आहे आणि लगेच १३व्यात शासनाच्या हाती तलवार का आहे ते सांगितलं आहे. ही दोन पानं एकत्र वाचायची असतात.

क्षमेचे जे दाखले तुम्हाला ऐकवले जात असतील, ते पूर्ण ऐका. ग्लॅडिस स्टेन्स यांचे पती, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम, आणि दहा व सहा वर्षांची दोन मुलं ओडिशातल्या मनोहरपूरला २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री गाडीत जाळली गेली. ग्लॅडिस यांनी क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि बारीपद्याला कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. तरीही सीबीआयचा तपास झाला, सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालयातून प्रकरण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप कायम राहिली. क्षमेने खटला थांबला नाही.

दुसरा दाखला अमेरिकेतल्या आमिश लोकांचा, म्हणजे साधी राहणी आणि अहिंसा पाळणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा. २ ऑक्टोबर २००६ ला पेनसिल्व्हेनियातल्या निकेल माइन्सच्या शाळेत दहा मुलींवर गोळ्या झाडल्या गेल्या, पाच गेल्या. आमिश मंडळी मारेकऱ्याच्या दफनविधीला गेली, त्याच्या विधवेला आधार दिला. थोर गोष्ट आहे. पण मारेकऱ्याने स्वतःलाही गोळी घातली होती, खटला चालवायला कोणी उरलंच नव्हतं. हा दाखला देऊन कोणाला कोर्टात जाऊ नको म्हणणं चूक आहे. अमेरिकेतच चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये १७ जून २०१५ ला पवित्र शास्त्राच्या अभ्यासाला बसलेल्या नऊ जणांना मारलं गेलं. दोनच दिवसांनी न्यायालयात काही नातलगांनी मारेकऱ्याला ‘आम्ही तुला क्षमा करतो’ म्हटलं, ते जगभर गाजलं. इतर काही नातलगांना ते इतक्यात शक्य नव्हतं आणि त्यांनी तेही मोकळेपणाने सांगितलं. त्यांचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणू नये. श्रीलंकेचे कार्डिनल माल्कम रंजित यांनी २०२० च्या ईस्टरला हल्लेखोरांना क्षमा केल्याचं सांगितलं, आणि हल्ल्याची आगाऊ सूचना असून ती दाबली कोणी, याचा पिच्छा मात्र सोडला नाही. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांना १० कोटी श्रीलंकन रुपये भरपाई द्यायला लावली.

आता व्यवहाराचं. गंभीर गुन्ह्यात फिर्यादी पक्ष राज्य असतं. तुम्ही ‘क्षमा केली’ म्हटल्याने गुन्हा मिटत नाही. फक्त साक्षीदार फुटल्याची नोंद होते आणि खोटं बोलल्याचं बालंट तुमच्यावर येऊ शकतं. एफआयआरची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळायला हवी. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे. सरकारने खटला मागे घ्यायचं ठरवलं तर आधी पीडिताचं म्हणणं ऐकावं लागतं (कलम ३६०). भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कलम ३९६ खाली अर्ज करता येतो. सोबत एफआयआरची प्रत, उपचारांची कागदपत्रं आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब जोडा. दवाखान्याची मूळ कागदपत्रं कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. बहुतेक अर्ज अडतात ते इथेच, मूळ कागद कुठल्यातरी पुढाऱ्याकडे राहून जातात. धमक्या येत असतील तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करा, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू केली. फोनवरच्या धमकीची तारीख आणि वेळ त्याच दिवशी वहीत टिपा.

पाठपुरावा केला की काय होतं याचं उदाहरण ओडिशातच आहे. २००८ मध्ये कंधमाल जिल्ह्यात ख्रिस्ती लोकांविरुद्ध झालेल्या हिंसाचारातल्या पीडितांसाठी आर्चबिशप राफाएल चीनाथ न्यायालयात गेले. २ ऑगस्ट २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने वाढीव भरपाई दिली आणि पोलिसांनी बंद केलेली ३१५ प्रकरणं पुन्हा तपासायला सांगितली. आठ वर्षं लागली.

आणि वडीलधाऱ्यांना एवढंच विचारा की कोर्टाच्या तारखेला तुमच्याबरोबर कोण येणार आहे.

चर्चच्या फाटकावर स्वयंसेवक उभे करायचं ठरतंय. काहीजण म्हणतात हा अविश्वास आहे. (पंचायत सदस्य, मिरज)

नहेम्या ४:९ वाचून दाखवा: आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आल्या आहेत. येशूनेही एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा असं सांगितलं आहे (मत्तय १०:२३).

दीड-दोनशे माणसांच्या मंडळीला चार स्वयंसेवक पुरतात: दोन फाटकावर, एक मागच्या दाराशी, एक संडे स्कूलपाशी. महिन्याने बदला, तीच माणसं वर्षभर उभी राहिली की ती गप्पा मारायला लागतात. त्यांचं मुख्य काम स्वागताचं. अनोळखी माणसाला नमस्कार करून ‘कुठून आलात, कुणाकडे आलात’ हे विचारलं की निम्मं काम होतं. मोठी बॅग, पाठपिशवी बाहेरच्या टेबलावर ठेवायला सांगा, आणि नियम सगळ्यांना सारखा लावा, पाळकांच्या पाहुण्यांनाही. दाढी, टोपी, बुरखा बघून झडती घ्यायला लागलात तर पापही कराल आणि चुकालही. बट्टिकलोआत हल्लेखोर अंगणातच अडवला गेला, स्फोट बाहेर झाला. तिथेही मुलांसह अनेकजण गेले, पण नेगोंबोला तो भरलेल्या चर्चच्या आत झाला.

दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत आणि उपासनेच्या वेळी कुलूप नको. आपल्याकडे नाताळ आणि ईस्टरला मधल्या वाटेत प्लास्टिकच्या खुर्च्या टाकतात. धोका स्फोटाचा असो की शॉर्टसर्किटचा, माणसं त्या खुर्च्यांतच अडकतात. बाहेर पडल्यावर जमायची जागा फाटकापासून आणि उभ्या गाड्यांपासून लांब ठरवा, कारण दुसरा स्फोट बहुधा गर्दी जमते तिथे केला जातो. संडे स्कूलची मुलं हजेरीपटासह बाहेर काढायची आणि ओळखीच्या पालकाच्याच हाती द्यायची.

प्रथमोपचार पेटीत बँडेजच्या रुंद पट्ट्या आणि स्वच्छ सुती कापड भरपूर ठेवा, आयोडीनची बाटली दुय्यम. रक्त वाहत असेल तिथे कापड दाबून दोन्ही हातांनी जोर लावायचा आणि मदत येईपर्यंत उचलून बघायचं नाही. उचलून बघणं हीच नेहमीची चूक, जमलेली गुठळी सुटते. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तरच जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर, सांध्यावर न येता, रुंद पट्टी आवळून बांधा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा. रुतलेली वस्तू उपसू नका. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. फोन कोणी करायचा हे आधीच नाव घेऊन ठरवा, नाहीतर सगळे व्हिडिओ काढत बसतात.

सात वर्षांचा नातू टीव्हीवर पाहून विचारतो, ‘आजी, देव तेव्हा कुठे होता?’ (ठाणे)

आधी टीव्ही बंद करा. एवढ्या वयाच्या मुलांना तेच दृश्य पुन्हा दिसलं की पुन्हा नवा स्फोट झाला असं वाटतं. मग त्याला काय माहीत आहे ते विचारा आणि तेवढ्याचंच उत्तर द्या. ‘काही लोकांनी फार वाईट काम केलं, माणसं मेली. देवाला ते आवडलं नाही. येशूलाही असंच मारलं होतं, म्हणून त्या माणसांचं दुःख त्याला कळतं. का थांबवलं नाही, ते आजीलाही कळत नाही.’ एवढं पुरे. ‘देवाला चांगली मुलं आवडतात म्हणून तो घेऊन गेला’ हे चुकूनही म्हणू नका. मूल त्या रात्रीपासून चांगलं वागायला घाबरतं. अंथरूण ओलं करणं, एकट्याने न झोपणं हे काही आठवडे चालतं. महिना उलटूनही कमी झालं नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

भाऊ एका हल्ल्यातून वाचला. दोन महिने झाले, चर्चला येत नाही, प्रार्थनेला बसत नाही. घरचे म्हणतात सैतानाने धरलंय. (जालना)

झोप लागत नाही, दचकतो, तीच दृश्यं दिसतात, गर्दी टाळतो, असं असेल तर हा मानसिक आघात आहे, आणि महिन्याहून जास्त टिकला आहे म्हणजे डॉक्टरांकडे जायलाच हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य आहे, मराठीतूनही बोलता येतं. भूत उतरवायच्या सभेला नेऊ नका. काय घडलं ते सविस्तर सांग, म्हणजे मन मोकळं होईल, असा आग्रहही नको. जबरदस्तीने पुन्हा सांगायला लावल्याने आघात हलका होत नाही. तो आपणहून बोलेल तेव्हा ऐका.

चर्चचं म्हणाल तर, ज्याच्यावर प्रार्थनेच्या जागीच हल्ला झाला त्याला तिथे जायला भीती वाटणं म्हणजे विश्वास गमावणं नव्हे. त्याला दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू द्या, मधेच उठून जाऊ द्या, किंवा दोन-तीन जणांनी त्याच्या घरी जाऊन बसा. प्रार्थना सुचत नसेल तर स्तोत्र ८८ त्याच्या हाती ठेवा. देवावर चिडलेल्या माणसाचीच ती प्रार्थना आहे, आणि ती शास्त्रात आहे.

पीडितांसाठी मंडळीने पैसे जमवले. आता वाटपावरून भांडणं चालू आहेत. (नाशिक)

आधी समिती, मग वर्गणी असा क्रम हवा होता, तो चुकला. निकेल माइन्सला देणग्यांचा पूर लोटला तेव्हा आमिशांनी लगेच स्वतंत्र समिती नेमली आणि मारेकऱ्याच्या कुटुंबालाही त्यातून वाटा दिला. तुम्ही आता पाच जणांची समिती करा: दोन स्त्रिया असाव्यात, पाळक नसावेत, आणि हिशेब येणारी एक व्यक्ती मंडळीबाहेरची असावी. पैसा मंडळीच्या रोजच्या खात्यातून बाजूला काढा. प्राधान्य आधी दवाखान्याला, मग बुडालेल्या मजुरीला, मग मुलांच्या फीला. रोख देऊ नका, बिल थेट भरा किंवा खात्यावर पाठवा. परदेशातल्या नातलगांनी पाठवलेला पैसा एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी नसताना मंडळीच्या नावावर घेऊ नका. तसा कोणी भरला असेल तर आधी सनदी लेखापालांना गाठा. आणि दर महिन्याला जमा-खर्चाचा कागद चर्चच्या फलकावर लावा, रकमांसह. मदत घेणाऱ्यांची नावं मात्र त्यावर नकोत.